केस काढताय? आधी त्याचं मूळ पाहा

वॅक्सची पट्टी ओढून झाली की ती लगेच कचऱ्यात टाकू नका. उजेडात धरून नीट पाहा. तिला चिकटलेल्या केसांची बुडं सारखी नसतात. काहींच्या टोकाला काळसर, ओलसर गाठ असते आणि तिच्याभोवती पारदर्शक चिकट आवरण. काहींच्या टोकाला फक्त बारीक, कोरडा पांढरा ठिपका. आणि काहींना बूडच नसतं. ते मध्येच तुटलेले असतात. आपल्याला कोणती पद्धत चालेल, हे ठरवायला लागणारं बरंचसं विज्ञान त्या एका पट्टीवर दिसतं.

काळसर गाठीचा केस वाढीला लागलेला असतो. रोमकूपाच्या, म्हणजे त्वचेतल्या ज्या खळग्यातून केस उगवतो त्याच्या, तळाशी पेशी भराभर विभागत असतात आणि त्यांच्यात मेलॅनिन हे रंगद्रव्य भरलं जात असतं. पांढऱ्या ठिपक्याच्या केसाची वाढ संपलेली असते; तुम्ही ओढला नसता तरी काही काळाने तो आपोआप गळालाच असता. डोक्यावरच्या केसाची वाढ २ ते ६ वर्षं चालते, म्हणून वेणी कमरेपर्यंत जाते. भुवईच्या केसाची काही आठवड्यांतच थांबते, पायाच्या केसाची काही महिन्यांत. त्यात शेजारशेजारचे केसही एकाच टप्प्यावर नसतात. म्हणून आज हात कितीही स्वच्छ केला तरी आठवड्याभरात थोडे केस वर येतातच. आज त्वचेखाली दडलेले असल्यामुळे ते सुटलेले असतात. पार्लरवाल्या ताईच्या हाताचा त्यात दोष नसतो.

माणसाच्या अंगावर सुमारे ५० लाख रोमकूप असतात आणि ते सगळे जन्माआधीच तयार झालेले असतात. बाईच्या आणि पुरुषाच्या रोमकूपांच्या संख्येत फारसा फरक नसतो. फरक असतो तो केसाच्या जातीत. वयात येताना अँड्रोजेन गटातली संप्रेरकं वाढतात आणि काही ठिकाणची मऊ, बिनरंगी लव राठ आणि काळी होते. ‘तिच्या अंगावर केस उगवले’ असं आपण म्हणतो तेव्हा तिथे आधीपासून असलेल्या लवेनेच जात बदललेली असते.

आता रेझर. ‘रेझर लावू नकोस, केस राठ येतील’ हे वाक्य आई, मावशी, मैत्रीण अशा कुणाकडून तरी प्रत्येक मुलीने ऐकलेलं असतं. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी शरीररचनातज्ज्ञ बाईंनी १९२८ मध्येच हा दावा तपासून पाहिला होता. दाढी केल्याने केसाची जाडी, रंग किंवा वाढीचा वेग बदलत नाही, असं त्यांना आढळलं. १९७० मध्ये आणखी एक प्रयोग झाला. त्यात पाच तरुणांचा एकच पाय कित्येक महिने दर आठवड्याला भादरला आणि दुसरा तसाच ठेवला; दोन्ही पायांच्या केसांत फरक पडला नाही. ते साहजिकच आहे. पातं लागतं ते केसाच्या मृत भागाला. ऊस तोडला तरी बुडखा जमिनीत राहतो आणि त्यातून खोडवा फुटतो, तसं इथे मूळ जागच्या जागी असतं. खुंट टोचतात ते वेगळ्या कारणाने. न कापलेला केस टोकाकडे निमुळता होत गेलेला असतो. कापल्यावर त्याचं टोक बोथट, सपाट होतं. ते हाताला राठ लागतं आणि डोळ्यालाही जाड दिसतं. शिवाय वयात येतानाच मुली रेझर हातात घेतात आणि नेमके तेव्हाच केस आपसूक राठ होत असतात. दोष मात्र रेझरच्या माथी बसतो.

रेझरचा खरा त्रास त्वचेला होतो. पात्याने डोळ्याला न दिसणारे बारीक ओरखडे पडतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे की शस्त्रक्रियेआधी रुग्णाचे केस काढूच नयेत आणि काढायचेच झाले तर फक्त क्लिपरने, म्हणजे केस छाटणाऱ्या यंत्राने काढावेत. घरी आपणही यातून शिकण्यासारखं आहे. केस पूर्ण जायलाच हवेत असं नसेल, तर ट्रिमर ही सगळ्यात कमी इजा करणारी पद्धत आहे. काखेत आणि जांघेत तर मी आधी तोच सुचवेन. रेझरच हवा असेल तर अंघोळीच्या शेवटी वापरा. केस ज्या प्रथिनाचा बनलेला असतो ते केराटिन पाण्याने फुगून मऊ होतं आणि पात्याला जोर लावावा लागत नाही. साबणाचा किंवा शेव्हिंग क्रीमचा फेस लावून, केस ज्या दिशेला वळतात त्याच दिशेने फिरवा. उलट दिशेने फिरवलं, त्वचा ताणली आणि त्यात तीन-चार पात्यांचा रेझर असला, तर केस त्वचेच्या पातळीच्याही खाली कापला जातो. कुरळा केस मग बाहेर येताना वळून आतच शिरतो आणि पुळी येते. बायकांच्या गुलाबी रेझरवर जास्त पैसे घालवायची गरज नाही. पातं धारदार, कोरडं ठेवलेलं आणि फक्त तुमचं असावं एवढंच बघा. घरातल्या घरातही रेझर वाटून घेऊ नये. पात्यावर रक्ताचा अंश राहतो आणि हिपॅटायटिस बी, सी यांसारखे आजार त्यातून पसरू शकतात. सलूनमध्ये नवीन पातं मागून घ्यावं ते यासाठीच. सगळ्यांच्या गालावरून फिरलेला तुरटीचा खडाही नको म्हणा. तुरटी उत्तम आहे, ती बारीक जखमांतलं रक्त थांबवते, पण खडा आपापला असावा.

केस काढायच्या क्रीमची गोष्ट फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात जखमेजवळचे केस काढायला वस्तरा, कात्री, चिमटा सांगितलेत आणि पुढे एक लेपही दिला आहे: शंखाचं चूर्ण दोन भाग, हरताळ एक भाग. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचं संयुग. चुन्यासारख्या अल्कलीबरोबर ते आलं की सल्फाइड तयार होतात आणि सल्फाइड केसाला विरघळवतात. चामडं कमावताना कातड्यावरचे केस चुना आणि सल्फाइडने काढतात, त्यामागेही हेच रसायन आहे. आर्सेनिक विषारी असल्यामुळे हा लेप घरी करायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

आजच्या क्रीममध्ये आर्सेनिक नसतं, थायोग्लायकोलेट असतं. केसातल्या केराटिनचे धागे गंधक-गंधक बंधांनी एकमेकांना घट्ट बांधलेले असतात. थायोग्लायकोलेट ते बंध तोडतं आणि केसाचा लगदा होतो. त्यासाठी क्रीम तीव्र अल्कलीधर्मी ठेवावी लागते. तिचा पीएच १२ च्या आसपास असतो. न झाकता येणारा तो उग्र वासही गंधकाचाच. पण आपल्या त्वचेचा वरचा थरसुद्धा केराटिनचाच आहे. त्यात असे बंध केसापेक्षा कमी असतात, त्यामुळे केस आधी विरघळतो आणि त्वचा थोडी उशिरा. क्रीम काम करते ती या काही मिनिटांच्या फरकावर. डब्यावर जेवढी मिनिटं लिहिली असतील त्यापुढे ‘अजून थोडं राहू दे’ म्हणणं म्हणजे रासायनिक भाजणं ओढवून घेणं. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून बघा. पायाची क्रीम चेहऱ्यावर नको आणि योनीच्या आतल्या नाजूक भागाजवळ तर कोणतीच नको.

वॅक्स, थ्रेडिंग आणि एपिलेटर केस मुळातून उपटतात, म्हणून तीन ते सहा आठवडे सुटका मिळते. केस साधारण अर्धा सेंटिमीटर वाढलेला असेल तर पकड येते. त्याहून तोकडा असला की तुटतो. मग पट्टीवर बुडाशिवाय दिसतो आणि आत राहिलेला तुकडा पुढे त्वचेखाली वळून केसतोड होण्याचा धोका वाढतो. साखर-लिंबाचं घरगुती वॅक्स चांगलं असतं, पण ते मनगटावर तपासूनच लावा. उकळता पाक त्वचेला चिकटला की पाण्यापेक्षा खोल भाजतो. पार्लरमध्ये बघायच्या गोष्टी दोन. एकच चमचा अंगावरून पुन्हा वॅक्सच्या डब्यात जातो का? आणि थ्रेडिंगचा दोरा दातात धरलाय का? दोरा मानेत अडकवूनही थ्रेडिंग करता येतं. तसं करायला सांगायला संकोचू नका. मुरमांसाठी रेटिनॉइडची (‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेल्या औषधाची) क्रीम लावत असाल तर तिथे वॅक्स करू नका, त्वचेचा थर सोलून निघतो. त्याच गटातल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर त्या संपल्यावरही सहा महिने वॅक्स टाळा. अंगावर कोड असेल तर उपटण्याने झालेल्या इजेच्या जागी नवा डाग उमटू शकतो. अशांनी ट्रिमरच धरावा.

यानंतरचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये त्वचेचे प्रकार ठरवायची पद्धत सुचवली. तिच्या आजच्या सहा प्रकारांत बहुतेक भारतीय चौथ्या-पाचव्या प्रकारात बसतात. अशा त्वचेला जरा दाह झाला की रंगद्रव्याच्या पेशी जास्त मेलॅनिन सोडतात. पुळी बरी होते, डाग महिनोन्‌महिने राहतो. गोऱ्या कातडीवर केलेल्या जाहिराती ही गोष्ट सांगत नाहीत. कोणती पद्धत सर्वांत जास्त दिवस टिकते यापेक्षा, कुठली पद्धत माझ्या त्वचेला सर्वांत कमी भडकवते, हे आपण आधी विचारायला हवं. वॅक्सनंतर दर वेळी लाल पुरळ येत असेल तर तुमच्यासाठी ती पद्धत चुकीची आहे, मग मैत्रिणीला ती कितीही मानवो. काळवंडलेल्या काखेवर लिंबू किंवा खायचा सोडा घासू नका. दोन्हींनी दाह वाढतो, आणि लिंबाचा रस लागलेल्या उघड्या त्वचेवर ऊन पडलं तर फोड येऊन उलट गडद डाग पडतात. मान, काख जाड, मखमलीसारखी काळी झाली असेल तर तो मळ नसतो. शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची ती अनेकदा खूण असते. अशा वेळी रक्तातली साखर तपासून घ्यावी.

डिओडरंटचं थोडक्यात. घामाला स्वतःचा फारसा वास नसतो. काखेतले जिवाणू त्याचं विघटन करतात तेव्हा वास येतो. डिओडरंट वास झाकतं किंवा जिवाणू कमी करतं. अँटिपर्स्पिरंटमधले ॲल्युमिनियमचे क्षार घर्मग्रंथींची तोंडं काही काळ बंद करतात. ते रात्री, कोरड्या काखेत लावलं तर जास्त चालतं. दोन्हींपैकी काहीही केस काढल्या काढल्या लावू नका. अँटिपर्स्पिरंटने स्तनाचा कर्करोग होतो याला ठोस पुरावा नाही.

लेझरमागचं तत्त्व १९८३ मध्ये रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी मांडलं. प्रकाशाची तरंगलांबी अशी निवडायची की तो मेलॅनिनमध्येच शोषला जाईल, आणि झोत इतका अल्पकाळ द्यायचा की उष्णता आजूबाजूला पसरायच्या आत केसाचं मूळ जळेल. काळा केस आणि उजळ त्वचा असेल तर हे सोपं. आपल्याकडे मात्र मेलॅनिन त्वचेतही भरपूर असतं आणि प्रकाशाला दोन्हींत भेद करता येत नाही. म्हणून सावळ्या त्वचेला १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर तुलनेने सुरक्षित असतो. त्याचा प्रकाश खोल जातो आणि वरच्या थरातल्या मेलॅनिनमध्ये कमी शोषला जातो. ८१० च्या आसपासचा डायोडही जपून वापरता येतो. ७५५ च्या ॲलेक्झांड्राइटने गडद त्वचा भाजण्याचा धोका जास्त. क्लिनिकमध्ये सवलतीचं पॅकेज विचारण्याआधी यंत्र कोणतं आहे आणि ते कोण चालवणार, हे विचारा. घरी वापरायच्या आयपीएल यंत्रांच्या (लेझरऐवजी तीव्र प्रकाशाचे झोत टाकणाऱ्या) खोक्यावर त्वचेच्या रंगांचा तक्ता असतो. आपला रंग त्यात बसत नसेल तर ते घेऊ नका.

लेझर मुख्यतः वाढत्या केसावरच चालतो, कारण मूळ रंगाने भरलेलं तेव्हाच असतं. त्यामुळे चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ वेळा जावं लागतं. त्याआधी महिनाभर वॅक्स, थ्रेडिंग बंद. मूळच उपटलं तर प्रकाश शोषणार कोण? रेझर चालतो. पांढऱ्या केसांवर लेझर निरुपयोगी आहे. आणि ‘कायमचे केस जातील’ अशी हमी कुणी दिली तर विश्वास ठेवू नका. केस बरेच कमी होतात, पुढे अधूनमधून फेरी करावी लागते. काही बायकांच्या गालावर आणि मानेवर लेझरनंतर उलट जास्त केस आल्याची नोंद आहे. कायमचं काढणारी पद्धत एकच: इलेक्ट्रोलिसिस. सेंट लुईसचे नेत्रतज्ज्ञ चार्ल्स मिशेल यांनी १८७५ मध्ये डोळ्यात आत वळणाऱ्या पापण्यांच्या केसांसाठी ती वापरली. रोमकूपात बारीक सुई घालून वीज सोडली की तिथल्या मीठ-पाण्यापासून दाहक (कॉस्टिक) सोडा तयार होतो आणि मूळ नष्ट होतं. एकेक केस घ्यावा लागतो, म्हणून हनुवटीवरच्या पाच-सात केसांना, पांढऱ्यांनासुद्धा, ती चांगली.

तान्ह्या बाळाची लव जावी म्हणून कणकेचा गोळा किंवा डाळीचं पीठ अंगावर घासायची रीत आपल्याकडे अजून आहे. ती थांबवायला हवी. ती लव काही आठवड्यांत आपोआप गळते. घासण्याने जातो तो बाळाच्या त्वचेचा नाजूक संरक्षक थर.

हनुवटी, ओठाच्या वर, छाती, पोटाच्या मध्यरेषेवर राठ केस वाढत असतील, पाळी अनियमित असेल, मुरमं किंवा वजन वाढत असेल, तर पार्लरच्या आधी डॉक्टर. सर्वांत सामान्य कारण पीसीओएस, म्हणजे बीजांडकोशांशी निगडित संप्रेरकांचा बिघाड. कधी थायरॉइड, अधिवृक्क (मूत्रपिंडावरची ॲड्रिनल) ग्रंथी किंवा एखादं औषधही कारणीभूत असतं. केस झपाट्याने, काही महिन्यांतच वाढले आणि आवाजही घोगरा झाला तर अजिबात थांबू नका. तपासायला रक्तातलं टेस्टोस्टेरॉन आणि सोनोग्राफी असे साधे मार्ग आहेत. यात मुलीच्या स्वच्छतेचा किंवा वागण्याचा काडीचाही संबंध नाही, हे घरच्यांनीही समजून घ्यावं. संप्रेरकांची औषधं सुरू झाल्यावर महिन्याभरात फरक दिसला नाही म्हणून अनेकजणी ती सोडून देतात. आधीच राठ झालेला केस आपली फेरी पूर्ण करून गळेपर्यंत तसाच राहतो, म्हणून परिणाम दिसायला किमान सहा महिने लागतात. तोवर ट्रिमर किंवा थ्रेडिंग बरोबरीने चालू ठेवायला काहीच हरकत नाही.