जुन्या मोटारीतील केबिन हीटर : बसवणी व दुरुस्ती (कोल्हापूर परिसर)

इंजिनात तापलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन मोटारीच्या आतली हवा तापवणारी आणि पुढच्या काचेवर धरणारी वाफ घालवणारी यंत्रणा म्हणजे केबिन हीटर. थंड देशांत तिचे पहिले काम ऊब देणे हे असते. कोल्हापुरात ते दुय्यम ठरते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटा सोडल्या तर इथे स्वेटरवर भागते, म्हणून 'आपल्याकडे हीटर कशाला?' असे म्हणत कित्येक जुन्या गाड्यांतला हीटर काढून टाकला गेला, किंवा त्याचे दोन पाइप एकमेकांना जोडून तो बाजूला सारला गेला. मग जुलैत गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना, आंबा घाटात किंवा राधानगरीकडून फोंड्याला जाताना गाडीत चार माणसे, काचा बंद, बाहेर धो धो पाऊस आणि समोरची काच आतून पांढरी, अशी अवस्था होते. चालक एका हाताने फडके मारत गाडी हाकतो. या भागात हीटर लागतो तो पावसाळ्यात आणि काचेसाठी. बसवताना, दुरुस्त करताना हेच धोरण ठेवलेले बरे.

शाही दसऱ्याला दसरा चौकात येणारी छत्रपती घराण्याची मेबॅक बघायला गर्दी लोटते, पण गॅरेजमध्ये हीटरचा विषय निघतो तो बहुधा साध्या गाड्यांवरून : ॲम्बॅसडर, फियाट ११०० आणि तिचीच पुढची पद्मिनी, स्टँडर्ड हेरल्ड, विलीज जीप. या सगळ्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाच्या गाड्या असल्याने पुढील माहिती त्यांना लागू पडते.

रचना

हीटरचा गाभा म्हणजे छोटा रेडिएटर. गॅरेजात त्याला जाळी किंवा कोअर म्हणतात. सिलिंडर हेडमधून निघालेले गरम पाणी एका होज पाइपाने जाळीत येते, पितळी नळ्यांतून फिरते आणि दुसऱ्या पाइपाने वॉटर पंपाच्या ओढीच्या बाजूला परत जाते. जाळीमागचा पंखा हवा ढकलतो. ही हवा फ्लॅपच्या मदतीने पायांकडे किंवा काचेखालच्या फटींकडे वळवता येते. पाण्याच्या वाटेवर एक कॉक असतो. तो बंद केला की उष्णता बंद.

जुन्या गाड्यांत दोन प्रकारचे हीटर आढळतात. एक केबिनमधलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवणारा, बहुधा डॅशबोर्डखाली टांगलेला गोल डबा. दुसरा बाहेरची ताजी हवा आत घेणारा. अमेरिकेतल्या नॅश कंपनीने १९३८ मध्ये 'वेदर आय' नावाने ताजी हवा गाळून, तापवून आत सोडणारी व्यवस्था आणली. पुढे हीच पद्धत सर्वत्र रूढ झाली. पावसाळी घाटासाठी दुसरा प्रकार निःसंशय सरस. पहिल्या प्रकारात माणसांच्या श्वासातली वाफ गाडीतच कोंडून राहते आणि काच पुन्हा धुरकटते.

थंड एसी नसताना नुसत्या गरम हवेने काच कशी साफ होते, अशी शंका हमखास काढली जाते. हवा तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता वाढते. २० अंश सेल्सिअसची, १०० टक्के दमट हवा ४० अंशांपर्यंत तापवली तर तिच्यातले पाणी तेवढेच राहूनही सापेक्ष आर्द्रता ३२ टक्क्यांच्या आसपास येते. अशी हवा काचेवरचे थेंब भराभर शोषते, शिवाय काचही गरम होते आणि नवी वाफ धरत नाही. गगनबावड्याच्या पावसातली ओलीचिंब हवासुद्धा म्हणूनच कामी येते.

एवढी हवा तापवायला भरपूर उष्णता लागते, म्हणून लायटरच्या खोबणीत खुपसायचे विजेचे छोटे हीटर निरुपयोगी ठरतात. पाण्यावरचा जुना हीटर ३ ते ४ किलोवॉट उष्णता देतो, तीही इंजिन एरवी वाया घालवते त्यातून. जुन्या ब्रिटिश गाड्यांवरच्या लुकास सी-४० डायनामोची क्षमता २२ अँपिअर. १२ व्होल्टला तिचे जेमतेम २६४ वॉट होतात. त्यातच दिवे, वायपर आणि इग्निशन. १५० वॉटचा हीटर लावला की रात्री घाटात बॅटरी बसलीच म्हणून समजा.

बसवणी

ॲम्बॅसडरचे १४८९ सीसीचे बी-सिरीज इंजिन या कामाला सोयीचे आहे. या हेडच्या मागच्या टोकाला हीटरच्या पाण्याची वाट मुळातच दिलेली असते. हीटर नसेल तिथे ती पट्टी आणि पॅकिंग लावून बंद केलेली सापडते. पट्टी काढून कॉक बसवायचा, परतीचा पाइप रेडिएटरच्या खालच्या होजमध्ये टी (तीन तोंडांचा जोड) घालून जोडायचा. दोन्ही जोड पंपाच्या दाबाच्याच बाजूला घेतले तर पाणी फिरणार नाही, हे सांगायला नको. तरी अशा जोडण्या दिसतात.

मूळ कॉक मिळाला नाही तर अडून राहायचे कारण नाही. शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींच्या जोरावर उभे राहिलेले हे ओतकामाचे आणि लेथचे गाव. जुना कॉक नमुन्याला दिला तर पितळी कॉक, एल्बो किंवा टी घडवून देणारा टर्नर सापडतो. पाइप मात्र हीटरचाच घ्यावा, साधारणपणे अर्धा किंवा पाच-अष्टमांश इंच आतल्या व्यासाचा. बागेचा पाइप गरम पाण्याने फुगतो आणि एक दिवस निसटतो. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून पाइप जातो तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेवर बसणारे कडे) हवेच, नाहीतर पत्र्याची धार पाइप कापते. इंजिन एकदा तापून गार झाल्यावर क्लिपा पुन्हा आवळाव्यात.

शक्यतो नवी भोके पाडू नयेत. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये काढलेल्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदता येते आणि तिला 'व्हीए' मालिकेतला क्रमांक मिळतो. मात्र चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत. पत्र्यावर बहुधा हीटरसाठीच्या जागा कारखान्यातूनच पाडून, रबरी बुचांनी बंद केलेल्या असतात. आधी त्या शोधाव्यात.

विजेच्या जोडणीत एक खाच आहे. साठच्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. पुढे कोणी ते उलटे करून घेतले असेल आणि पंख्याची मोटर कायम चुंबकाची असेल, तर पंखा उलटा फिरतो. आवाज येतो, पण काचेवर झुळूक पोहोचत नाही. अशा वेळी मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल पुरते. वेगळा फ्यूज लावायला विसरू नये.

पाणी भरताना एअर धरते, म्हणजे पाइपांत हवा अडकून राहते. हीटरची जाळी रेडिएटरच्या झाकणापेक्षा उंच असेल तर हमखास. गाडीचे तोंड चढाला करून, कॉक पूर्ण उघडा ठेवून, थंड इंजिनात सावकाश पाणी भरायचे. मग इंजिन चालू करून बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढायची. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये, हा नियम घाईत सगळ्यात आधी मोडला जातो.

दुरुस्ती

हीटर थंड हवा सोडतो, ही पहिली तक्रार. अर्धे निदान हाताने होते. इंजिन तापल्यावर जाळीचे दोन्ही पाइप जपून चाचपावेत. एक गरम आणि दुसरा गार असेल तर कॉक चिकटला आहे, जाळी तुंबली आहे किंवा एअर अडकली आहे. दोन्ही गरम असूनही हवा थंड येत असेल तर फ्लॅपची केबल सुटली आहे किंवा त्यावरचा स्पंज कुजला आहे. फटींतून पिवळा भुगा उडतो तो याचाच. दोन्ही कोमट असतील तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) बघावा.

आणि तो बहुतेकदा जागेवर नसतोच. 'घाटात गाडी गरम होते' म्हटले की थर्मोस्टॅट काढून फेकायचा, ही आपल्याकडच्या मेस्त्रींची जुनी खोड. त्याने हीटर तर मरतोच, शिवाय इंजिन पुरेसे तापत नाही, पेट्रोल जास्त जाते आणि ऑइलमध्ये गाळ धरतो. बी-सिरीजला ७४, ८२ आणि ८८ अंशांचे थर्मोस्टॅट येतात. तापण्याची धास्ती असेल तर ७४चा घालावा, पण घालावा. उलट चालू हीटर हा घाटातला जास्तीचा रेडिएटर आहे : काटा वर सरकू लागला की कॉक आणि पंखा पूर्ण उघडायचा. पाय भाजतील, पण इंजिन वाचेल.

दुसरी तक्रार गळतीची. पायाखालचा गालिचा ओला, गोडसर वास आणि काचेवर फडक्याने न जाणारा तेलकट थर, ही जाळी फुटल्याची खूण. जुनी जाळी तांब्या-पितळेची असते आणि ती झाळता येते. रेडिएटर कारागिराकडे हे काम पाहण्यासारखे असते. जाळीचे एक तोंड बुचाने बंद करून, दुसऱ्यातून थोडी हवा देत ती पाण्याच्या टाकीत बुडवतात. वरच्या पेटीच्या सांध्यातून बुडबुड्यांची बारीक माळ निघते, तिथे खिळ्याने ओरखडा काढून खूण करतात. मग जागा तारेच्या ब्रशने पितळ चकाकेपर्यंत घासायची, जस्त विरघळवलेले ॲसिड पिसाने लावायचे, तापल्या खाऱ्याचे (झाळण्याच्या हत्याराचे) टोक नवसागरावर घासून साफ करायचे आणि कथील-शिसे सांध्यात ओढायचे. ही झाळ सुमारे १८३ अंशांना वितळू लागते. ज्योत एका जागी रेंगाळली तर शेजारचा सांधाही सुटतो. मधली एखादी नळी फुटली असेल तर ती दोन्ही टोकांना दाबून बंद करतात. अशा दोन-तीन नळ्या गेल्या तरी चालते, त्याहून जास्त गेल्या तर नवी जाळी बांधून घेणे शहाणपणाचे.

तुंबलेली जाळी आधी उलट्या दिशेने पाण्याने फ्लश करावी. बोअरच्या जड पाण्याचा थर सायट्रिक ॲसिडच्या सौम्य द्रावणाने सुटतो. कॉस्टिक सोडा मात्र जाळी ॲल्युमिनियमची नाही याची खात्री केल्याशिवाय वापरू नये, तो ॲल्युमिनियम खातो. गळती थांबवणाऱ्या पुड्या आणि हळद हा रस्त्यावरचा तात्पुरता इलाज; त्यांनी सगळ्यात आधी चोंदतात त्या हीटरच्याच बारीक नळ्या.

जाळी पुन्हा पुन्हा फुटत असेल तर रेडिएटरचे झाकण तपासावे. जुन्या ब्रिटिश गाड्यांना ४ किंवा ७ पौंडांचे (दर चौरस इंचाला तेवढा दाब धरणारे) झाकण असे. दर पौंडामागे पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण दीड अंश वर जातो, म्हणून कोणी हौसेने १५ पौंडांचे झाकण लावतो आणि साठ वर्षांपूर्वीचे सांधे तो दाब सोसत नाहीत. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचावर आहे, उघड्या भांड्यातले पाणी इथे ९८ अंशांच्या आसपास उकळते. निम्मे पाणी, निम्मे ग्लायकॉल (कूलंटमधला द्रव) आणि ७ पौंडांचे मूळ झाकण एवढे इथल्या घाटांना पुरते.

पंखा पावसाळ्यानंतर अडकला तर बुशांत तेलाचे दोन थेंब, कार्बन ब्रश आणि कॉम्युटेटरची सफाई एवढ्यावर बहुधा काम भागते.

हवेने थंड होणारी इंजिने

फोक्सवॅगन बीटल, फियाट ५०० यांत गरम पाणी नसते. बीटलमध्ये सायलेन्सरच्या नळ्यांभोवतीच्या कोषात तापलेली हवा केबिनमध्ये येते. हे कोष किंवा आतल्या नळ्या गंजून सडल्या तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरू शकतो. त्याला वास नसतो. अशा गाडीत डोके जड होऊ लागले तर हीटर बंद करून काचा उघडाव्यात आणि कोष तपासल्याखेरीज तो पुन्हा वापरू नये.

देखभाल

कॉक महिन्यातून एकदा उघडून बंद करावा; वर्षभर न हलवलेला पितळी कॉक ऐन जूनमध्ये जाम सापडतो आणि जोर लावला की त्याची दांडी तुटते. होज पाइप मेअखेर दाबून पाहावेत, मऊ पडलेले किंवा तडकलेले बदलावेत. काढलेले कूलंट गटारात ओतू नये. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते. गॅरेजच्या दारातली कुत्री-मांजरे ते चाटतात. ते झाकणाच्या कॅनमध्ये, मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवावे.