दगड वितळवणं सोपं, गोठवणं अवघड

पुण्यात वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला येणारे पुष्कळ, पण खाणीपाशी थांबून कातळाकडे निरखून बघणारा मला तरी अजून भेटला नाहीये. बरोबरच आहे म्हणा, काळा दगड तो, त्यात बघायचं काय. वाड्यांच्या जोत्याला हाच, पाट्या-वरवंट्याला हाच, पाताळेश्वरचं लेणंही यातच कोरलेलं. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा होता हे आपण कुठेतरी वाचलेलं असतं, पण तो किती गरम होता, किती खोलवरून आला, वर यायच्या आधी वाटेत कुठे थांबला होता का, हे लोकांना कळतं तरी कसं?

पहिली पायरी म्हणजे दगडाची पातळ चकती. कॉलेजात आम्हाला हे हाताने करायला लावायचे. तुकडा कापायचा, काचेच्या स्लाइडवर चिकटवायचा आणि कार्बोरंडमची पूड नि पाणी घेऊन घासत बसायचं, जाडी ०.०३ मिलिमीटर होईपर्यंत. एवढा पातळ झाला की काळाकुट्ट दगड चक्क आरपार दिसायला लागतो. जाडी मोजायची ती रंगावरून, म्हणजे पोलरायझिंग मायक्रोस्कोपखाली प्लॅजिओक्लेज हे खनिज पिवळसर दिसलं तर अजून घासा, राखाडी-पांढरं दिसलं की थांबा. मी थांबलो नाही! अजून दोन हात मारू म्हटलं आणि बघतो तर स्लाइडवर नुसता गोंद, दगड सगळा बेसिनमधे. दुसरी जमली मात्र: काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे प्लॅजिओक्लेजचे लांबुडके स्फटिक, त्यांच्या मधे पायरॉक्सीन हे रंगीत खनिज आणि मॅग्नेटाइट या लोखंडाच्या खनिजाचे काळे ठिपके.

आता हे सगळं वितळलेल्या रसातूनच तयार झालं हे सिद्ध कसं करणार? अठराव्या शतकात यावरून युरोपात जोरदार भांडण होतं. एक पक्ष म्हणायचा की बेसॉल्ट, म्हणजे हाच काळा दगड, समुद्राच्या पाण्यातून साचून झालाय, कारण वितळलेला दगड थंड झाला तर काच होते, असे स्फटिक कुठे होतात. एडिंबराच्या जेम्स हॉलने मग तिथलाच काळा दगड भट्टीत वितळवला. पटकन थंड केला तर खरंच काच झाली, पण सावकाश थंड होऊ दिला तर परत दगडासारखा दगड! आपल्याकडे खडीसाखर करणाऱ्यांना यात काही नवल वाटलं नसतं, पाक घाईने निवला तर मोठे खडे होत नाहीत हे त्यांना माहीतच असतं. गंमत म्हणजे हॉलचे गुरुस्थानी असलेले जेम्स हटन, ज्यांचं ‘हा दगड वितळलेल्या रसातूनच झाला’ हे म्हणणं यातून खरं ठरणार होतं, त्यांनाच असले छोट्या मुशीतले प्रयोग पटायचे नाहीत. ते १७९७ मधे गेले, हॉलने निकाल मांडले १७९८ मधे.

खरी मेख पुढे आहे. १२०० अंशांच्या आसपास बेसॉल्ट वितळतो, ते आता विजेच्या भट्टीत रोजचं काम आहे. पण समजा मला ११५० अंशांना त्यात काय काय असतं ते बघायचंय, तर भट्टीत डोकावून कळत नाही, आणि हळूहळू थंड केला तर वाटेत नवे स्फटिक उगवून सगळी भेसळ होते. म्हणून नमुना ठरावीक तापमानाला तासन् तास, कधी दिवसच्या दिवस ठेवायचा आणि मग एका झटक्यात थंड करायचा. जेवढा रस होता त्याची काच होते, जे स्फटिक आधीच झालेले ते तसेच अडकतात. त्या क्षणाचा फोटोच म्हणा ना. नॉर्मन बोवेन या भूवैज्ञानिकाने वॉशिंग्टनच्या जिओफिजिकल लॅबोरेटरीत याच पद्धतीवर उभं काम केलं, आणि १९१५ मधे दाखवलं की ऑलिव्हिन या खनिजाचे स्फटिक जड असल्याने रसात खाली बसतात. तळाशी साका, वर उरलेला रस वेगळ्याच घटकांचा, म्हणजे एकाच शिलारसातून, म्हणजे वितळलेल्या दगडातून, वेगवेगळे खडक निघू शकतात.

रस किती खोलवरून आला हे बघायचं तर तापमानाबरोबर दाबही लागतो. पिस्टन-सिलिंडर नावाच्या यंत्रात काही मिलिमीटरच्या कॅप्सूलमधे चिमूटभर पूड भरतात आणि दाबतात. हवेच्या नेहमीच्या दाबाच्या १०,००० पट दाब म्हणजे जमिनीखाली साधारण ३५ किलोमीटर. कॅप्सूल सोन्याची चालत नाही, सोनं १०६४ अंशांनाच वितळतं, आणि प्लॅटिनम दगडातलं लोखंडच शोषून घेतं, म्हणून मग आतून ग्रॅफाइटचं अस्तर. शेवटी तापवणारा करंट बंद, काही सेकंदांत तापमान धाडकन खाली.

हे समजल्यावर मंचरकडचा दगड बघायला जा. तिथल्या काही थरांत प्लॅजिओक्लेजचे कित्येक सेंटीमीटर लांबीचे पांढरट स्फटिक आहेत, आणि त्यांच्या भोवतीचा दगड मात्र बारीक कणांचा. लांब स्फटिक जमिनीखाली शिलारस थांबलेला असताना निवांत वाढले, आजूबाजूचं सगळं लाव्हा बाहेर पडल्यावर पटकन गोठलं. एकाच दगडात थंड होण्याचे दोन वेग, भिंग न घेताही दिसतात.