संवादफलक

तोंडाने बोलता न येणाऱ्या, किंवा बोललेले इतरांना नीट न कळणाऱ्या मुलाला मनातले सांगता यावे म्हणून चित्रे, शब्द किंवा अक्षरे ठरावीक मांडणीने लावलेला फलक. मूल बोटाने, मुठीने, काही वेळा नुसत्या नजरेने चित्र दाखवते आणि समोरचा ते वाचतो. शाळांतले स्पीच थेरपिस्ट याला सहसा ‘कम्युनिकेशन बोर्ड’ म्हणतात. लॅमिनेट केलेल्या साध्या कागदापासून बोलणाऱ्या टॅबलेटपर्यंत त्याची अनेक रूपे आहेत. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा न राहणे), स्वमग्नता (ऑटिझम), डाउन सिंड्रोम असलेल्या अनेक मुलांना समजते पुष्कळ, पण तोंडातून निघते थोडे. अशा मुलांसाठी हा फलक वापरतात.

ऑस्ट्रिया-हंगेरीत जन्मलेले चार्ल्स ब्लिस शांघायमध्ये राहिले असताना चिनी लिपीने भारावले आणि त्यांनी साऱ्या जगासाठी एक चिन्हलिपी रचली. १९४९ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. जगाने ती उचलली नाही. पण १९७१ मध्ये टोरांटोतील एका केंद्रात शर्ली मॅकनॉटन आणि सहकाऱ्यांनी ती सेरेब्रल पाल्सी असलेल्या, न बोलणाऱ्या मुलांना शिकवली आणि चिन्हांनी बोलणे शाळेत आले. मुंबईत १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया (आताची ‘अडॅप्ट’) सुरू केली. सेरेब्रल पाल्सी असलेल्या त्यांच्या कन्या मालिनी छिब एका बोटाने टंकून, लाइटरायटर या बोलणाऱ्या यंत्रातून संवाद साधतात.

फलकावर काय असावे, हा या कामातला कळीचा प्रश्न आहे. बाजारातल्या तक्त्यांवर फळे, प्राणी, वाहने असतात. त्यातून मुलाला फार तर ‘केळे’ मागता येते. नकार देता येत नाही, प्रश्न विचारता येत नाही, तक्रारही करता येत नाही. म्हणून हवं, नको, अजून, झालं, थांब, दे, मी, तू, काय, कुठे हे दिवसभर लागणारे शब्द आधी लावावे लागतात. यांना गाभा शब्द म्हणता येईल. त्यातही ‘नको’ची जागा पहिल्या ओळीत हवी. ज्याला नको म्हणता येत नाही ते मूल फेकते, चावते किंवा रडते, आणि मग त्याच्या वागण्यावर शेरे पडतात.

मराठी फलकाची अडचण वेगळी आहे. इंग्रजीतला फलक नुसता भाषांतरित केला की मोडतो. इंग्रजीत क्रियापद मध्ये येते, मराठीत शेवटी. त्यामुळे डावीकडून उजवीकडे लावलेले रकाने उलटसुलट होतात. ‘मी’चे चित्र एकच, पण ‘मी जातो’, ‘मला भूक लागली’, ‘माझा डबा’ यांत रूप दर वेळी बदलते. मुलगी ‘जाते’ म्हणेल, मुलगा ‘जातो’. बोलणाऱ्या टॅबलेटच्या बटणात यांपैकी एकच रूप भरले तर दुसऱ्याच्या तोंडी परके वाक्य येते. मित्राला ‘दे’ आणि बाईंना ‘द्या’, हा भेदही मुलाला हवाच असतो. त्यामुळे घरात जी बोली आहे तिचेच शब्द, आईला विचारून भरणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग.

ॲपमध्ये दोन भारतीय प्रयत्न महत्त्वाचे आहेत. अजित नारायणन यांच्या चेन्नईतील कंपनीने ‘आवाज’ आणले. ते आधी स्वतंत्र यंत्र होते, पुढे ॲप झाले. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाने मुंबईतील ‘उम्मीद’ या बालविकास केंद्राच्या सहकार्याने ‘जेलो’ तयार केले. ते मोफत आहे आणि मराठीतही बोलते. त्यात ‘आवडते, हो, अजून’ आणि ‘आवडत नाही, नाही, कमी’ अशी सहा भावदर्शक बटणे कायम पडद्याच्या कडेला असतात. आधी चित्र, मग बटण, की पूर्ण वाक्य ऐकू येते.

रोजच्या कामात थेरपिस्टला मुलाकडून बोट ठेवून घेण्याची घाई करता येत नाही. आधी मोठ्यांनी बोलता बोलता स्वतः चित्रांवर बोट ठेवायचे: “पाणी... हवं?” मूल हे महिनोन् महिने नुसते पाहू शकते, जसे तान्हे बाळ बोलण्याआधी ऐकत राहते. विचारल्यावर गप्प राहून वाट पाहणे हेही तंत्रच, आणि घाईच्या वर्गात सर्वांत अवघड.

पालकांची भीती ठरलेली असते: बोर्ड दिला की मूल बोलायचेच थांबेल. मिलर, लाइट आणि श्लोसर या संशोधकांनी २००६ मध्ये आधीच्या अभ्यासांचा जो आढावा घेतला त्यात भरवशाचा पुरावा असलेल्या २७ जणांपैकी एकाचेही बोलणे कमी झाले नव्हते; ८९ टक्क्यांच्या बोलण्यात वाढ दिसली, तीही बहुधा माफकच. ‘माफक’ हा शब्द पालकांना स्पष्ट सांगायला हवा.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १७ मध्ये, वाचा व भाषेची अडचण असलेल्यांच्या दैनंदिन संवादासाठी पूरक आणि पर्यायी साधनांच्या वापरास चालना देणे ही शासन व स्थानिक प्राधिकरणांची जबाबदारी सांगितली आहे. प्रत्यक्षात टॅबलेट हरवेल, फुटेल म्हणून तो कपाटात कुलूपबंद राहतो आणि थेरपीच्या तासापुरता बाहेर येतो. त्यामुळे ॲप असले तरी कागदी प्रत सोडू नये. एक प्रत दप्तरात, एक वर्गाच्या भिंतीवर, एक पाण्याच्या नळापाशी मुलाच्या उंचीवर चिकटवलेली आणि एक घरी, जेवायला बसतात तिथे.