सामूहिक वनहक्काचा दावा : गावाचे जंगल गावाने राखायचे तर अर्ज कसा करावा

महाराष्ट्रात जंगल राखण्यासाठी सरकारी योजना बऱ्याच आहेत. संयुक्त वन व्यवस्थापन समित्या आहेत, व्याघ्र प्रकल्पांलगतच्या गावांसाठी 2015 पासून जन-वन विकास योजना आहे. या सगळ्यांत गाव सहभागी असते, पण शेवटचा शब्द वनखात्याचा. जंगलाचे रक्षण आणि व्यवस्थापन हा गावाचा कायदेशीर हक्क ठरतो तो वनहक्क कायदा, 2006 खाली सामूहिक वनसंपत्तीचा दावा मंजूर झाल्यावरच. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना तो 2009 मध्ये, देशात सर्वप्रथम मिळाला.

सुरुवातीलाच सर्वांत महागात पडणारी चूक सांगतो : चुकीचा फॉर्म. ‘ए’ फॉर्म वैयक्तिक शेतजमिनीचा. ‘बी’ फॉर्म निस्तार (घरगुती गरजांसाठी जंगलाचा वापर), चराई, मासेमारी, गौण वनोपज (इमारती लाकूड सोडून जंगलातले उत्पन्न) अशा वापराच्या सामूहिक हक्कांचा. जंगलाच्या रक्षणाचा, पुनर्निर्मितीचा आणि व्यवस्थापनाचा हक्क मागायचा तो ‘सी’ फॉर्मवर. नुसता ‘बी’ भरला तर मोहाची फुले वेचण्याचा हक्क कागदावर येतो, पण कूप (तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा) कधी तोडायचा, चराई कुठे बंद ठेवायची हे ठरवण्याचा अधिकार येत नाही. म्हणून दोन्ही एकदमच भरा. फॉर्म मोफत मिळतात आणि ते उपलब्ध करून देणे हे प्रांताच्या (उपविभागीय अधिकाऱ्याच्या) अध्यक्षतेखालच्या उपविभागीय समितीचे कामच आहे. फॉर्म घेताना अक्षरापेक्षा वरचे शीर्षक वाचा.

कोण दावा करू शकते

दावा ग्रामसभेचा असतो, ग्रामपंचायतीचा नव्हे. चार गावांची गटग्रामपंचायत असेल तर चारही गावांच्या ग्रामसभा वेगळ्या घ्यायच्या. पाडा किंवा टोला स्वतंत्रपणे नांदत असेल तर तो स्वतःची सभा घेऊ शकतो. गावात अनुसूचित जमातीचे किंवा इतर पारंपरिक वननिवासी लोक हवेत. इतर पारंपरिक म्हणजे 13 डिसेंबर 2005 पूर्वी किमान तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षे, वनजमिनीवर राहणारे आणि उपजीविकेसाठी जंगलावर अवलंबून असलेले. पूर्ण गाव आदिवासी असण्याची अट नाही. ‘सी’ फॉर्मवरच लिहिलेले आहे की असे काही सदस्य असले तरी दावा करता येतो. जंगल राखीव, संरक्षित, अवर्गीकृत कोणतेही चालते, अभयारण्यातलेसुद्धा. चार हेक्टरची मर्यादा वैयक्तिक दाव्याला आहे, इथे ती लावता येत नाही. तरीही ती सांगून लोकांना परत पाठवले जाते.

समिती आणि गणपूर्ती

ग्रामसभेने आधी वनहक्क समिती निवडायची : 10 ते 15 सदस्य, त्यांत किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि किमान एक तृतीयांश महिला. अध्यक्ष आणि सचिव याच सदस्यांतून निवडून उपविभागीय समितीला कळवायचे. ग्रामसेवकाला या समितीचा सचिव करू नका.

सभेला गावातल्या निम्म्या प्रौढांची हजेरी लागते आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला हव्यात. 240 प्रौढांच्या गावात 120 हजर, त्यांत 40 महिला. हजेरी पुस्तकात 118 सह्या असतील तर पुढे कुणीतरी ते मोजणारच, तेव्हा सभा तहकूब करून पुन्हा बोलवा. सह्या घरोघरी फिरून गोळा करण्याचा मोह टाळा.

दावे मागवल्यापासून मुदत तीन महिन्यांची असते; ग्रामसभा कारण नोंदवून ती वाढवू शकते.

नकाशा आणि पुरावे

खरे काम इथे आहे. हद्द महसुली नकाशावरून नव्हे, वहिवाटीवरून ठरते. जाणती म्हातारी माणसे, गुराखी आणि वनोपज गोळा करणाऱ्या बाया यांना घेऊन हद्दीवरून चाला. प्रत्येक वळणावर जीपीएस बिंदू घ्या आणि त्यापुढे स्थानिक नाव लिहा : अमुक नाला, तमुक डोंगरीचा माथा, देवाचे झाड. नुसते अक्षांश-रेखांश असलेली यादी प्रांत कार्यालयात कुणाला वाचता येत नाही, आणि नुसती नावे मोजणीत बसत नाहीत. फॉर्ममध्ये वनखात्याचा कक्ष क्रमांक आणि महसुली गट क्रमांक माहीत असतील तर दोन्ही द्या. एकच तुकडा दोन दप्तरांत दोन क्षेत्रफळांनी नोंदलेला असतो आणि हेक्टरांची गफलत तिथूनच सुरू होते.

शेजारच्या गावाशी हद्दीचा वाद असेल किंवा जंगल दोघांच्या वापरात असेल तर दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसून लेखी निष्कर्ष आपापल्या ग्रामसभेला द्यायचा. मिटले नाही तरच प्रकरण उपविभागीय समितीकडे जाते. वाद नसला तरी शेजारगावाचा सहमतीचा ठराव जोडून ठेवावा.

पुरावे किमान दोन लागतात. निस्तार पत्रक, गॅझेटियर, जनगणना, जुने सर्वेक्षण अहवाल, वनखात्याची कार्य आयोजना (जंगलातल्या कामांचा आराखडा) ही कागदपत्रे चालतात. चराईची ठिकाणे, कंदमुळे-औषधींच्या जागा, पाणवठे, देवराई, स्मशान हेही पुरावेच आहेत; त्यांचे फोटो काढून नकाशावर क्रमांक टाका. वडीलधाऱ्यांचे जबाब लेखी करून घ्या. उपग्रह चित्र जोडपुरावा म्हणून चालते, पण त्यात दिसत नाही म्हणून इतर पुरावे बाजूला सारता येत नाहीत.

सोबत ग्रामसभेच्या सदस्यांची यादी जोडा, प्रत्येकाच्या नावापुढे अनुसूचित जमाती की इतर पारंपरिक हे लिहून.

स्थळपाहणी आणि पुढचा प्रवास

पाहणीची सूचना वन आणि महसूल विभागाला लेखी द्या आणि पोच घ्या. त्यांनी हजर राहून इतिवृत्तावर पदनाम, तारीख आणि शेऱ्यासह सही करायची असते. सूचना मिळूनही कुणी आले नाही तर समितीने पाहणी उरकून तसे नोंदवावे. ‘आम्हाला कळवलेच नाही’ असा आक्षेप नंतर आला तर पोचेचा तो कागदच कामी येतो. तो नसेल तर पाहणी नव्याने करावी लागते.

मग ग्रामसभा ठराव करून दावा उपविभागीय समितीकडे पाठवते. तिचे अध्यक्ष प्रांत, आणि अंतिम मंजुरी देणाऱ्या जिल्हास्तरीय समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. तलाठी, वनरक्षक, वनक्षेत्रपाल यांपैकी कुणालाही एकट्याने दावा स्वीकारण्याचा किंवा फेटाळण्याचा अधिकार नाही. दावा अपुरा वाटला तर समितीने तो फेटाळण्याऐवजी फेरविचारासाठी ग्रामसभेकडे परत पाठवायचा असतो. क्षेत्र कमी केले किंवा दावा नाकारला तर सकारण लेखी आदेश द्यावा लागतो. उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे जायला 60 दिवस मिळतात. अनुसूचित क्षेत्रात 2020 च्या राज्यपालांच्या अधिसूचनेनुसार त्याच्याही वर विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अपील करता येते. तोंडी ‘नामंजूर’ ऐकून घरी येऊ नका, आदेशाची प्रत मागा.

हक्कपत्र हातात आल्यावर

क्षेत्र दाव्याशी ताडून पाहा, अटी घातल्या आहेत का वाचा. अंतिम नकाशा करून महसूल आणि वन दप्तरात नोंद घेण्यास जास्तीत जास्त तीन महिने आहेत. ही नोंद पाठपुरावा केल्याशिवाय क्वचितच होते.

त्यानंतर ग्रामसभेने व्यवस्थापन समिती नेमून आराखडा करायचा : कोणत्या भागात वणवा रोखण्यासाठी जाळरेषा, कुठे गुरे बंद, कुठे बांबूची विरळणी, कुठे बंधारा. कामाचे मोजमाप आणि मजुरी आराखड्यात असेल तर रोजगार हमी, आदिवासी विकास विभाग, पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांचा कायदा) लागू असलेल्या गावांसाठीचा अबंध निधी (कामाची अट न घालता दिलेला) अशा मार्गांनी पैसा जोडता येतो. ‘वृक्षारोपण करणे’ एवढेच लिहिलेल्या आराखड्याला कुठल्याही खात्याचे अंदाजपत्रक बसत नाही.

बांबू आणि तेंदूपाने गौण वनोपजात येतात, इमारती लाकूड येत नाही. गौण वनोपजावर स्वामित्वशुल्क द्यावे लागत नाही आणि वाहतूक पास ग्रामसभेची समिती किंवा तिने नेमलेली व्यक्ती देते. पासपुस्तकावर क्रमांक घाला आणि प्रत्येक पासाची प्रत गावात ठेवा. नाक्यावर गाडी अडली तर ही प्रत दाखवावी लागते.