प्रकाश, डोळा आणि रंग : कोणते पुस्तक मागवावे, कोणते राहू द्यावे

प्रकाश, दृष्टी आणि रंग या विषयांवरची पुस्तके आमच्याकडे मागवून मिळतात, काही दुकानातल्या मांडणीवरही असतात. विचारायला येणारी मंडळी नाना तऱ्हेची : चादरी-टॉवेलच्या कारखान्यांतले डिझायनर, चित्रकलेचे शिक्षक, ऑप्टोमेट्री आणि भौतिकशास्त्राचे विद्यार्थी, फोटोग्राफर. यांतली बहुतेक पुस्तके इंग्रजीत आहेत आणि किमतीही खिशाला चांगल्याच जाणवतात. तेव्हा ऑर्डर देण्याआधी हे पत्रक वाचा आणि मग ठरवा.

रंगाचे काम करणाऱ्यांसाठी

डाईंगमध्ये किंवा डिझाइनवर काम करणाऱ्याला आम्ही सगळ्यात आधी शेव्रल सुचवतो. हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १८२४ मध्ये पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात रंगखात्याचा प्रमुख झाला. तिथे भिंतीवर टांगायची विणलेली चित्रे तयार होत. तक्रार अशी आली, की निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांत वापरलेला काळा रंग उठत नाही. शेव्रलने दुसरीकडची काळी लोकर मिळवून आपल्या लोकरीशी ताडून पाहिली. रंगात खोट नव्हती, खोट शेजाऱ्यात होती. निळ्याला लागून बसलेल्या काळ्यावर डोळा निळ्याच्या विरोधी रंगाची झाक चढवतो, त्यामुळे काळा फिका आणि मळकट वाटतो. यातून त्याचे रंगविरोधावरचे जाडजूड पुस्तक १८३९ मध्ये निघाले.

खात्री करायची तर एकाच रिळाचा राखाडी धागा घ्या. एक तुकडा लाल पुठ्ठ्यावर गुंडाळा, दुसरा हिरव्यावर, आणि दोन्ही पुठ्ठे खिडकीच्या उजेडात शेजारी ठेवा. लालवरचा धागा हिरवट दिसेल, हिरव्यावरचा गुलाबीसर. ‘शेड चुकली’ म्हणून पार्टीचा फोन आला, की रंगाऱ्यावर ओरडण्याआधी एवढे करून पाहावे. मात्र ट्यूबलाइटखाली जुळलेली शेड उन्हात नेताच वेगळी पडते, ते दुखणे निराळे. तिथे दोन कपड्यांतले रंग वेगवेगळ्या मिश्रणांतून बनलेले असतात आणि उजेड बदलला की त्यांची जोडी तुटते. त्याचे उत्तर शेव्रलमध्ये शोधू नका, त्यासाठी रंगमापनाची पुस्तके मागा.

आवृत्तीबद्दल एक सूचना. शेव्रलचे इंग्रजी भाषांतर १८५४ चे आहे आणि हक्कमुक्त असल्यामुळे त्याच्या स्वस्त छापील प्रती भरपूर मिळतात. त्यांतल्या कित्येकींत रंगीत पट काळे-पांढरे छापलेले असतात. रंगाचे पुस्तक आणि रंगच गायब! अशी प्रत आम्ही देत नाही. चित्रकार आणि कलाशिक्षक जोसेफ अल्बर्सच्या ‘इंटरॅक्शन ऑफ कलर’ची गतही तशीच. १९६३ ची मूळ आवृत्ती रेशीमछपाईच्या पटांचा मोठा संच होता, पुढच्या छोट्या आवृत्तीत पट अगदी मोजके आले. पन्नास वर्षांनंतर २०१३ मध्ये निघालेली आवृत्ती थोडी महाग पडते, पण घ्यायची तर तीच घ्या.

चित्रे काढणाऱ्यांसाठी

मार्गारेट लिव्हिंगस्टन या हार्वर्डच्या मेंदूशास्त्रज्ञ. त्यांचे ‘व्हिजन अँड आर्ट’ (२००२, सुधारित आवृत्ती २०१४) चित्रकलेच्या शिक्षकांनी जरूर पाहावे. मोने या चित्रकाराच्या सूर्योदयाच्या प्रसिद्ध चित्रातला नारिंगी सूर्य भोवतालच्या आकाशाइतकाच उजळ आहे, हे त्या दाखवतात. चित्राचा फोटो मोबाइलवर काळा-पांढरा करा, सूर्य जवळपास नाहीसा होतो! रंग ओळखणारी आणि उजेड-अंधार ओळखणारी यंत्रणा मेंदूत बऱ्याच अंशी वेगळी आहे, म्हणून तो सूर्य थरथरल्यासारखा दिसतो, असे त्यांचे म्हणणे. शाळेतल्या पोरांना हा प्रयोग फार आवडतो.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरी यांचे ‘आय अँड ब्रेन’ (१९६६) सर्वांत सोपे. मागवताना १९९७ ची पाचवी आवृत्ती मागा. ‘परसेप्शन’ हे नियतकालिक १९७२ मध्ये त्यांनीच सुरू केले. ब्रिस्टलमधल्या एका कॅफेच्या भिंतीवरच्या काळ्या-पांढऱ्या फरशा पाहून त्यांनी आणि प्रिसिला हर्ड यांनी १९७९ मध्ये त्यात एक लेख लिहिला. फरशांच्या ओळी एकमेकींपासून थोड्या सरकवल्या आणि मधली रेघ राखाडी ठेवली, की सरळ रेघाही तिरप्या दिसतात. चौकड्यांचे डिझाइन करणाऱ्यांनी तो लेख वाचावा. माग तिरका चालतोय की डोळा, हे कळायला त्याची मदत होते.

भौतिकशास्त्रवाल्यांसाठी

न्यूटनचे ‘ऑप्टिक्स’ (१७०४) लॅटिनमध्ये नाही, इंग्रजीत लिहिलेले आहे आणि त्यात गणितापेक्षा प्रयोगच जास्त आहेत. आईन्स्टाईनची प्रस्तावना असलेली डोव्हर प्रकाशनाची प्रत परवडते. जर्मन कवी गटेचा रंगांवरचा ग्रंथ (१८१०) न्यूटनशी भांडतो आणि भौतिकशास्त्र म्हणून तो हरलेलाच आहे. रंगीत सावल्या आणि डोळ्यांत उरणाऱ्या छटा यांवरची त्याची निरीक्षणे मात्र आजही वाचण्यासारखी. सर सी. व्ही. रामन यांनी उतारवयात, १९६८ मध्ये, दृष्टीच्या शरीरक्रियेवर पुस्तक लिहिले. डोळ्यातल्या तीन रंगग्राहकांचा सिद्धांत त्यांना मान्य नव्हता, आज तो सर्वमान्य आहे. तेव्हा हे पुस्तक परीक्षेसाठी घेऊ नका, हौसेने वाचा.

घराबाहेर पडून प्रकाश पाहायचा असेल तर मिनार्ट या खगोलशास्त्रज्ञाचे पुस्तक घ्या. मूळ डच पुस्तक १९३७ चे, इंग्रजी भाषांतर सहज मिळते. मे महिन्यात विजापूर रस्त्यावर दुपारी पुढे पाणी साचल्यासारखे का दिसते, चंद्राभोवतीचे खळे २२ अंशांवरच का पडते, हे त्यात समजते. आमच्या मते सोलापूरच्या उन्हाळ्याला याहून चांगला सोबती नाही.

नियतकालिके : आधी फुकटची वाचा

‘जर्नल ऑफ व्हिजन’, ‘आय-परसेप्शन’, ‘इंडियन जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी’ आणि भारतीय विज्ञान अकादमीचे ‘रेझोनन्स’ इंटरनेटवर मोफत वाचता येतात. त्यांची वर्गणी भरायला आमच्याकडे येऊ नका. मराठीत वाचायचे तर विश्वकोशातल्या प्रकाशकी, डोळा अशा नोंदीही फुकट आहेत. कला आणि विज्ञान यांना जोडणारे ‘लिओनार्दो’ (१९६८ पासून) मात्र वर्गणीचे आहे. ते कॉलेजच्या ग्रंथालयाने घ्यावे, एकट्याला परवडत नाही.

मागणी नोंदवताना अर्धी रक्कम आगाऊ द्यावी लागेल. पार्सल आल्यावर ते दुकानातच उघडा, रंगीत पाने एकेक करून तपासा आणि मगच उरलेले पैसे द्या. पाने फिकी असतील तर प्रत परत पाठवू, त्याचा खर्च आमचा. फोटोकॉपी करून मिळणार नाही, कृपया आग्रह धरू नये. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत दुकान दुपारी बंद असते, तेव्हा सकाळीच या.