लाईट गेली, आत्याचं इतिवृत्त पण गेलं

गुरुवार म्हणजे पुण्यात वीज बंद ठेवून दुरुस्ती करायचा वार, हे सदाशिव पेठेत राहणाऱ्या आमच्या आत्याला मी सांगायला नको, तरी ती सोसायटीच्या मीटिंगचं इतिवृत्त टाईप करत बसली, जुना डेस्कटॉप आणि यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली. लाईट गेली, दोन पानं गायब. "अरे, डोळ्यासमोर दिसत होतं की, मग गेलं कुठं?"

प्रश्न रास्त आहे. दिसत होतं ते रॅममध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीत होतं, आणि रॅम म्हणजे चक्क गळक्या बादल्या.

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला नंबर देणारी यादी, तिच्यात "क"चा नंबर २३२५, तो ० आणि १ मध्ये लिहिला की १००१०००१०१०१. आता रॅममध्ये प्रत्येक ० किंवा १ साठी एक इवलासा कपॅसिटर असतो, विजेची बादलीच म्हणा ना, भरलेली असेल तर १, रिकामी असेल तर ०. ८ जीबी रॅममध्ये अशा साधारण ६,८७० कोटी बादल्या! एक बादली आणि तिला एक तोटी म्हणजे ट्रान्झिस्टर, ही आयडिया आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्डची, पेटंट १९६८ चं.

गंमत पुढे आहे. या बादल्या लाईट असतानाही गळतच असतात, म्हणून साधारण दर ६४ मिलीसेकंदांच्या आत प्रत्येक बादली वाचून परत भरावी लागते, सेकंदाला पंधराएक वेळा, तुम्ही नुसते चहा पीत बसलात तरी. लाईट गेली की भरणारा गेला, विषय संपला.

मग थेट हार्डडिस्कवरच का नाही लिहीत? कारण ती फिरणारी तबकडी, हवी ती जागा गाठायलाच काही मिलीसेकंद घेते, रॅम त्याच्या हजारो पट फास्ट. पण तबकडीवर खुणा असतात चुंबकाच्या, त्यांना टिकायला वीज लागत नाही. सेव्ह करणं म्हणजे बादलीतलं तिकडे उतरवून घेणं, बस.

वर्ड स्वतःहून दर १० मिनिटांनी एक कॉपी अशी उतरवून ठेवतं. संध्याकाळी लाईट आली तर दीड पान परत मिळालं, गेलं ते फक्त पार्किंगचं भांडण, आणि ते आत्याला शब्द न् शब्द पाठ होतं.