क्रीम लिक्युअरची थरांची ब्राउनी

क्रीम लिक्युअरची थरांची ब्राउनी : चॉकलेट, लोणी, साखर आणि थोडा मैदा यांच्या दाट, ओलसर भाजलेल्या तळावर क्रीम लिक्युअर घालून फेसलेल्या लोण्याचा न भाजलेला थर देऊन, त्यावर चॉकलेट व मलईचे आवरण ओतून आणि सारे गार झाल्यावर चौकोनी वड्या पाडून खाण्याचा गोड पदार्थ. ब्राउनी मूळची अमेरिकेची आणि क्रीम लिक्युअर आयर्लंडची. या दोहोंचा मेळ घालणारी ही कृती आता भारतातील घरगुती ओव्हनपर्यंत येऊन पोहोचली आहे. ही नोंद इंदूरच्या मराठी स्वयंपाकघराला डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे, कारण तेथील हवा, तेथे मिळणारे साहित्य आणि तेथील खाणाऱ्यांचे नेमधर्म या तिन्हींचा या पदार्थाशी थेट संबंध येतो.

ब्राउनीच्या जन्माची सर्वांत प्रसिद्ध हकिकत शिकागोच्या पामर हाउस हॉटेलाची आहे. १८९३ मध्ये त्या शहरात भरलेल्या जागतिक कोलंबियन प्रदर्शनासाठी, हॉटेलमालकांच्या पत्नी बर्था पामर यांच्या सांगण्यावरून, स्त्रियांना डब्यातून सहज नेता येईल असा आटोपशीर गोड पदार्थ तेथील आचाऱ्यांनी केला. त्यात अक्रोड होते आणि वर जर्दाळूचा लेप होता, असे त्या हॉटेलची परंपरा सांगते. छापील पाककृतींचा माग मात्र थोडा वेगळा आहे. फॅनी फार्मर यांच्या पाकपुस्तकात १८९६ साली ब्राउनी या नावाखाली जो पदार्थ आला, तो काकवीचा होता आणि त्यात चॉकलेट नव्हते. चॉकलेटची ब्राउनी त्या पुस्तकाच्या १९०६ च्या आवृत्तीत दिसते. तीन थरांची मांडणी या पदार्थात बाहेरून आली. कॅनडातील ननायमो शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वडीत तळाला बिस्किटांचा चुरा, मध्ये कस्टर्डच्या चवीचे लोणी आणि वर चॉकलेट असते; ती वडी भाजत नाहीत, पण मधला थर मऊ व वरचा कडक ठेवण्याची युक्ती दोन्हीकडे सारखीच आहे. मराठी माणसाला थर नवे नाहीत, मात्र चिरोट्याचे थर एकाच पिठाचे असतात आणि साट्याने सुटे होतात, तर येथे तिन्ही थर वेगळ्या स्वभावाचे असून ते एकमेकांना धरून राहावे लागतात.

क्रीम लिक्युअर म्हणजे मलई, साखर, सुगंधी द्रव्ये आणि व्हिस्कीसारखे मद्य यांचे एकजीव मिश्रण. बेलीज हे या प्रकारचे बाजारात आलेले पहिले यशस्वी पेय. ते १९७४ मध्ये डब्लिनहून आले आणि त्यात मद्यार्काचे प्रमाण १७ टक्के असते. दक्षिण आफ्रिकेतील अमारुला या मरुला फळापासून केलेल्या क्रीम लिक्युअरचे प्रमाणही १७ टक्केच आहे. मलई आणि मद्यार्क यांना एका बाटलीत महिनोन्‌महिने सुखाने नांदवणे ही सोपी गोष्ट नाही. त्यासाठी मलईतील स्निग्धकण एक मायक्रॉनहून लहान होतील इतके बारीक करावे लागतात, त्यांच्याभोवती दुधातील केसीन या प्रथिनाचे सोडियमयुक्त रूप वेढलेले राहील अशी योजना करावी लागते आणि कॅल्शियममुळे प्रथिनांच्या गाठी होऊ नयेत म्हणून सायट्रेटचे क्षार घालावे लागतात. इतके करूनही हे पेय आंबटाला भिते. लिंबाचा थेंब पडताच ते दुधासारखे नासते, आणि वापरणाऱ्याने ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी.

या पदार्थाचे सारे मर्म एका प्रश्नात आहे, आणि तो म्हणजे लिक्युअर कोणत्या थरात घालायची. पुष्कळजण ती तळाच्या मिश्रणात ओततात आणि मग चव लागली नाही म्हणून हळहळतात. मद्यार्क ७८ अंश सेल्सिअसला उकळतो म्हणून ओव्हनमध्ये तो सगळा उडून जातो, ही समजूत खरी नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यांनुसार मिश्रणात ढवळलेले मद्य १५ मिनिटे भाजल्यावर सुमारे ४० टक्के आणि अर्ध्या तासानंतर सुमारे ३५ टक्के शिल्लक राहते. उडून जातो तो मुख्यतः सुवास. व्हिस्की आणि व्हॅनिलाचे हलके गंध वाफेबरोबर ओव्हनभर पसरतात, घर घमघमते, आणि जे उरते ते कोकोच्या कडवटपणाखाली दबून जाते. म्हणजे तळात लिक्युअर घातल्याने मद्य राहते आणि चव जाते, असा उलटा व्यवहार होतो. गार झालेल्या तळावर ती शिंपडण्याचाही फारसा उपयोग नाही. रम पातळ असल्याने भोके पाडलेल्या केकमध्ये मुरते. क्रीम लिक्युअर मात्र दाट असल्याने पापुद्र्यावरच साचून चिकट डाग पाडते. तिची खरी जागा मधल्या, न भाजलेल्या, लोण्याच्या थरातच आहे, कारण स्निग्ध पदार्थ सुवास धरून ठेवतो आणि जिभेवर विरघळताना सावकाश सोडतो.

तळासाठी २० सेंटिमीटरच्या चौकोनी टिनाला सुमारे ११५ ग्रॅम बिनमिठाचे बटर, १२० ग्रॅम गडद चॉकलेट, २०० ग्रॅम साखर, दोन अंडी, ६५ ग्रॅम मैदा आणि २५ ग्रॅम कोको पुरतो. नेहमीचे पिवळे बटर खारे असते, ते येथे चालत नाही. घरी ताकातून काढलेले लोणी वापरायचे झाल्यास ते गार पाण्याने धुऊन पाणी नीट निथळून घ्यावे. त्यात पाण्याचा अंश अधिक असल्याने तळ दडस न होता केकसारखा फुलतो. चॉकलेट आणि बटर गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवतात, पण त्या भांड्याचा बूड पाण्याला टेकू देत नाहीत. अंडी आणि साखर निराळी, साखरेची कचकच जवळजवळ संपेपर्यंत फेटावी लागतात. ब्राउनीच्या अंगावर भाजल्यावर जो कागदासारखा पातळ, चकचकीत, तडकलेला पापुद्रा येतो, तो या विरघळलेल्या साखरेमुळे आणि अंड्यातील प्रथिनांमुळेच येतो. मैदा शेवटी चाळून घालावा आणि कोरडे पीठ दिसेनासे होताच हात थांबवावा. १७५ अंशांवर २२ ते २५ मिनिटे पुरतात. मधोमध खुपसलेल्या काडीला ओलसर कण लागलेच पाहिजेत. काडी कोरडी निघाली तर वेळ टळून गेली असे समजावे. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास असल्याने उंचीसाठी प्रमाणात फेरफार करावा लागत नाही. तशी गरज साधारण ९०० मीटरच्या पुढे पडू लागते. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कुकरमध्ये मीठ पसरून, शिट्टी व रिंग काढून, मंद आचेवर तळ होतो, मात्र वरचा पापुद्रा तितका उमटत नाही.

मधल्या थराला १०० ग्रॅम मऊ बटर, २५० ग्रॅम आयसिंग शुगर आणि तीन मोठे चमचे, म्हणजे ४५ मिलिलिटर, लिक्युअर लागते. येथे चूक होते ती एकाच कारणाने. बटर ओट्यावर ठेवून मऊ केलेले असते, साखरेसह फेसून ते पांढरेशुभ्र झालेले असते, आणि लिक्युअर मात्र फ्रीजमधून काढून थेट ओतली जाते. पाहता पाहता गुळगुळीत लोण्याचे रवाळ दाणे होतात, कडेने पाणी सुटते आणि ताक घुसळताना लोणी वर येऊ लागल्याच्या क्षणासारखे दिसू लागते. घाबरून आणखी साखर घालू नये. भांडे कोमट पाण्याच्या परातीत अर्धा मिनिट धरावे, कडेचे बटर जरासे सैल झाले की बीटर पुन्हा फिरवावा. मिश्रण परत एकजीव होते. लिक्युअर घराच्या तापमानाला आणून चमचा चमचा घातली तर ही वेळ येतच नाही. साखर घरी मिक्सरवर दळली असेल तर तलम कापडातून चाळून घ्यावी, नाहीतर थर दातांखाली करकरतो.

याच थरासाठी क्रीम चीजही वापरतात. आंबटाने लिक्युअर नासते हे वर सांगितले असले, तरी चीजमधील केसीन आधीच साकळलेले असल्याने आणि मिश्रण घट्ट असल्याने ते नासणे डोळ्यांना किंवा जिभेला जाणवत नाही. श्रीखंडासाठी टांगलेला घट्ट चक्का त्याऐवजी घ्यावा असे मराठी गृहिणीला वाटणे स्वाभाविक आहे. तो घेता येतो, परंतु रात्रभर टांगून कोरडा केलेला, पुरणयंत्रातून काढलेला आणि निम्म्या प्रमाणात बटरबरोबर मिसळलेला असावा. एरवी थर ढिला पडून वडी कापताना बाजूने बाहेर येतो. चवीच्या दृष्टीने मला बटरचा थरच अधिक योग्य वाटतो, कारण चक्क्याचा आंबूसपणा व्हिस्कीच्या सुवासाशी भांडतो.

वरच्या आवरणासाठी १५० ग्रॅम गडद चॉकलेटवर १०० मिलिलिटर गरम मलई ओतून, दोन मिनिटांनी मधून बाहेर ढवळत जाऊन गनाश करतात. आपल्याकडे खोक्यातून मिळणाऱ्या ताज्या मलईत स्निग्धांश साधारण २५ टक्के असतो, परदेशी कृतींत तो ३५ टक्के धरलेला असतो. म्हणून येथे मलई थोडी कमी घ्यावी किंवा चमचाभर बटर घालावे. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या कंपाउंडमध्ये कोकोच्या लोण्याऐवजी वनस्पती तेलापासून केलेले घट्ट स्निग्ध द्रव्य असते. ते लवकर आळते आणि उन्हाळ्यात तग धरते, हा त्याचा गुण. टाळूला मेणचट लागते, हा दोष. कोकोचे लोणी ३४ अंशांच्या सुमारास, म्हणजे तोंडाच्या उष्णतेला, वितळते, आणि खऱ्या चॉकलेटचे सारे सुख तेवढ्यात आहे. गनाश कोमट झाल्यावरच ओतावे. गरम ओतल्यास मधला थर वितळून दोन्ही रंग एकमेकांत मिसळतात.

थर बसण्यासाठी दर वेळी तासभर गारवा लागतो. माळव्याच्या थंड रात्रींचा लौकिक ‘शब-ए-माळवा’ या शब्दांत जुन्या काळापासून चालत आला आहे, आणि डिसेंबर-जानेवारीत इंदुरात रात्री ओट्यावर झाकून ठेवलेला टिन सकाळी कापण्याजोगा होतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा रात्री उशिरा काम करावे आणि प्रत्येक थर फ्रीजमध्येच बसवावा. कापण्यासाठी लांब पात्याची सुरी उकळत्या पाण्यात बुडवून पुसून घ्यावी आणि एकाच दाबाने सरळ खाली न्यावी. मागेपुढे ओढली तर वरचे चॉकलेट तडकून मधल्या पांढुरक्या थरात काळे कण ओढले जातात. प्रत्येक कापानंतर सुरी पुन्हा पुसावी लागते. या शिस्तीने कापलेल्या वडीच्या कडेला काळा, दुधी आणि तपकिरी असे तीन पट्टे रेघेसारखे वेगळे दिसतात.

इंदुरात जैन आणि वैष्णव कुटुंबांची वस्ती मोठी असल्याने बिनअंड्याच्या ब्राउनीला मागणी असते. अंड्यांऐवजी गोड आटवलेले दूध घातल्यास तळ ओलसर होतो, साखर निम्म्यावर आणावी लागते आणि चकचकीत पापुद्रा मात्र येत नाही. विकण्यासाठी करणाऱ्याला अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी आवश्यक असते, आणि अंडे असलेल्या पाकिटावर मांसाहारी खूण, म्हणजे चौकटीतील तपकिरी त्रिकोण, छापावा लागतो.

आयात लिक्युअर महाग पडते म्हणून काही घरांत तिचा पर्याय तयार करतात. ४०० ग्रॅम आटवलेले गोड दूध, २०० मिलिलिटर मलई, १५० मिलिलिटर व्हिस्की किंवा रम, चमचाभर कॉफी आणि तेवढाच कोको मिक्सरमध्ये क्षणभर फिरवले की ते होते. भारतीय व्हिस्की व रममध्ये मद्यार्क साधारण ४२.८ टक्के असल्याने या मिश्रणात तो दहा टक्क्यांच्या जवळ येतो. कारखान्यातील पेयाइतके ते टिकाऊ नसते. स्निग्धकण मोठेच राहतात आणि मद्यार्कही कमी पडतो, म्हणून फ्रीजमध्ये ठेवून आठवड्यात संपवावे.

मद्य किती पोटात जाते याचा हिशेब सोपा आहे. ४५ मिलिलिटर लिक्युअरमध्ये १७ टक्क्यांनी साडेसात मिलिलिटरच्या थोडा वर शुद्ध मद्यार्क येतो. टिनाच्या १६ वड्या पाडल्या तर प्रत्येकीत सुमारे अर्धा मिलिलिटर. प्रमाण अल्प आहे, पण ते न भाजलेल्या थरात असल्याने तसेच्या तसे असते. मध्य प्रदेशात मद्य विकत घेण्याचे किमान वय २१ वर्षे आहे. मुले, गर्भवती स्त्रिया, मद्य सोडण्याचा प्रयत्न करणारी माणसे, काही औषधे घेणारे आणि धर्माने किंवा व्रताने मद्य वर्ज्य मानणारे, या सर्वांना वडी हातात देण्यापूर्वी आत काय आहे हे स्पष्ट सांगणे हे करणाऱ्याचे कर्तव्य आहे. इंदूरच्या रामबागेत किंवा लोकमान्यनगरात घरी हळदीकुंकू असो वा वाढदिवस, पाहुण्यांत तीन पिढ्या असतातच. तेव्हा एकाच दिवशी दोन टिन करून दुसऱ्यात लिक्युअरऐवजी दाट कॉफीचा अर्क, दोन चमचे आटवलेले दूध, व्हॅनिला आणि चिमूटभर जायफळ घालावे. हा पर्याय नुसती सोय म्हणून करू नये; कॉफी आणि जायफळाने चॉकलेटचा स्वाद खरोखर खुलतो. दोन्ही टिनांच्या वड्या दिसायला सारख्याच असतात, म्हणून बिनमद्याच्या प्रत्येक वडीवर अर्धा अक्रोड बसवून डबे निरनिराळे ठेवावेत. गुजरातेत १९६० मध्ये राज्य झाल्यापासून दारूबंदी असल्याने बडोद्याच्या नातलगांकडे न्यायच्या डब्यात अक्रोडाच्या वड्याच भराव्यात.

घट्ट झाकणाच्या डब्यात, थरांमध्ये बटर पेपर घालून, या वड्या फ्रीजमध्ये चार-पाच दिवस चांगल्या राहतात. फ्रीजमधून काढल्याबरोबर खाल्ल्यास मधला थर नुसता गोड लागतो, कारण गार लोणी सुवास सोडत नाही. हिवाळ्यात वीस-पंचवीस मिनिटे आणि वैशाखात जेमतेम पाच मिनिटे बाहेर ठेवून मगच वाढाव्यात.